परतीची वाट : जुन्या मोटारसायकलीच्या तारा

जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावी जुन्या वाड्याची ओसरी किंवा गोठ्याशेजारची पडवी नीट पाहिली, तर गोणपाटाखाली झाकलेली एखादी जुनी मोटारसायकल सापडण्याचा बराच संभव असतो. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी चालवलेली, आणि मग एके दिवशी उभी केली ती कायमचीच. मद्रासला १९५५ साली एन्फील्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली आणि बुलेट आपल्याकडे तयार होऊ लागली. म्हैसूरला १९६१ साली आयडियल जावाचा कारखाना सुरू झाला. पुढे त्याच कारखान्यातून येझदी निघाली आणि १९९६ साली तो बंद पडला. एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत तर दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांच्या ओळखीची. त्या काळात जाफराबाद औरंगाबाद जिल्ह्यात होते. जालना हा वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. तेव्हा त्याआधीच्या गाडीचे कागद पेटीतून काढाल, तर त्यांवर जिल्हा औरंगाबाद असाच लिहिलेला सापडेल.

हल्ली या गाड्या पुन्हा उभ्या करण्याची हौस गावोगावी दिसू लागली आहे. इंजिनाचे काम जाणणारे मिस्त्री अजून भेटतात. पत्र्याचे काम होते, रंग होतो, सीट शिवून मिळते. घोडे अडते ते तारांपाशी. "वायरिंग सगळी काढून टाका, नवी ओढून देतो," असे मिस्त्री म्हणतो, जुने जुडगे कापले जाते, आणि त्याबरोबरच गाडीत कोणती तार कोठून कोठे जात होती याची एकमेव लेखी-अलेखी नोंद कचऱ्यात जाते. मग एकाच रंगाच्या तारेचे वेटोळे आणून सगळी गाडी गुंडाळली जाते. गाडी चालू होते, नाही असे नाही. पण तीन महिन्यांनी रात्री भोकरदनच्या रस्त्यावर दिवा गेला, तर तो का गेला हे सांगणारा कोणी उरत नाही. ज्याने वायरिंग केली तोसुद्धा नाही.

म्हणून पहिली गोष्ट. बॅटरीची दोन्ही टोके सोडवा आणि मग वही-पेन्सिल घ्या, पक्कड नंतर. मोबाइलवर फोटो काढले तरी चालेल, पण नुसत्या फोटोवर विसंबू नका. फोटोत तारेचा रंग दिसतो, ती डूमच्या आत कोणत्या टोकाला लागली आहे ते दिसत नाही. प्रत्येक तार सोडण्यापूर्वी तिला कागदाची चिठ्ठी बांधा आणि वहीत लिहा : अमुक स्विचच्या अमुक टोकापासून अमुक दिव्यापर्यंत. हे काम कंटाळवाणे आहे, एक अख्खा रविवार जातो. पण या रविवारची भरपाई पुढे दहा रविवारी होते.

आता तारांत वीज कशी फिरते ते पाहू. रहाटगाडगे आपण पाहिले असेल, निदान ऐकले तरी असेल. गाडग्यांची माळ विहिरीत उतरते, भरून वर येते, पन्हाळीत रिकामी होते आणि पुन्हा खाली जाते. माळ वर येणाऱ्या बाजूला तुटो की खाली जाणाऱ्या बाजूला, पाणी थांबायचे ते थांबतेच. विजेचेही असेच आहे. बॅटरीतून निघालेली वीज दिव्यातून जाऊन पुन्हा बॅटरीपर्यंत परत आली पाहिजे. जायची वाट पक्की आणि यायची वाट तुटलेली, अशी अवस्था असेल तर दिवा लागणार नाही.

मोटारसायकलीत जायची वाट तारेची असते. यायची वाट मात्र बहुतेक ठिकाणी तारेची नसतेच. गाडीचा सांगाडा, म्हणजे चेसी, इंजिन, मडगार्ड, हँडल, हे सगळे लोखंडच परतीची तार म्हणून वापरलेले असते. बॅटरीचे एक टोक चेसीला बांधलेले असते आणि प्रत्येक दिव्याचा खालचा पत्रा चेसीला टेकलेला असतो. याला मिस्त्री लोक 'अर्थ' म्हणतात. या एका शब्दाने आपल्या शेतकरी मंडळींचा फार घोटाळा होतो. विहिरीवरच्या मोटारीलाही आपण अर्थिंग करतो, पण ते वेगळ्या कामाचे. तिथे जमिनीत पुरलेल्या तारेतून एरवी वीज जात नाही. मोटारीच्या अंगावर वीज उतरली तर माणसाला धक्का बसू नये म्हणून ती राखणीला ठेवलेली असते. ती तुटली तरी पंप चालतोच, धोका तेवढा वाढतो. मोटारसायकलीचा अर्थ राखणदार नाही, तो रोजच्या कामाचा गडी आहे. जितकी वीज दिव्यात गेली तितकी सगळी त्याच्यातून परतते. तो तुटला की काम बंद. आणि जमिनीशी तर त्याचा काहीच संबंध नाही. गाडी रबराच्या टायरांवर उभी असते.

हे एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, नव्याने रंगवलेल्या गाडीत सर्वांत जास्त दोष निघतात ते याच परतीच्या वाटेत. गाडी उभी करताना आपण काय करतो? चेसी घासून तिच्यावर पावडर कोटिंग करून घेतो. मडगार्डाला रंगाचे तीन हात देतो. सगळे बोल्ट चकचकीत. आणि रंग ही वस्तू विजेला आडवी येणारी आहे. जिथे पूर्वी लोखंडाला लोखंड टेकत होते, तिथे आता दोहोंच्या मध्ये रंगाची साल आली. गाडी जितकी देखणी, तितकी परतीची वाट बंद! मग मालक म्हणतो, नवी वायर, नवा बल्ब, नवी बॅटरी, तरी दिवा मिणमिणतो.

यातली एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. दिवसा, दिव्याचे बटण बंद असताना, मागचा ब्रेक दाबावा. मागे लाल दिवा नीट लागत नाही, पण पुढे स्पीडोमीटरमधला इवलासा दिवा मात्र लुकलुकू लागतो. पाहणाऱ्याला भुताटकी वाटावी असा हा प्रकार. खरे कारण सरळ आहे. मागच्या बल्बात दोन तंतू असतात, एक ब्रेकचा आणि एक रात्रीच्या दिव्याचा, आणि दोघांची परतीची वाट एकच. ती रंगाने बंद झाली. ब्रेकच्या तंतूतून आलेल्या विजेला परत जायला जागा मिळेना, तेव्हा ती दुसऱ्या तंतूत उलटी शिरली, त्याच्या तारेने पुढे स्पीडोमीटरपर्यंत गेली आणि तिथल्या दिव्यातून चेसीत उतरली. बांध घातलेले पाणी शेजारच्या पाटात घुसावे, तसे. असा उलटसुलट प्रकार दिसला की स्विचला दोष देऊ नये, बल्ब बदलू नये; आधी मागच्या दिव्याचा अर्थ पाहावा.

उपाय दोन आहेत. एक, जिथे दिव्याची पट्टी चेसीला बसते तिथला रुपयाएवढा रंग पॉलिशपेपरने घासून लोखंड उघडे करावे, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि वर थोडे ग्रीस किंवा व्हॅसलिन चोपडावे म्हणजे गंज चढणार नाही. दुसरा उपाय मला अधिक पसंत आहे. प्रत्येक दिव्यापासून, हॉर्नपासून एक स्वतंत्र काळी तार काढून ती बॅटरीच्या अर्थाच्या टोकापर्यंतच न्यावी. कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा एवढ्या तारा नव्हत्या, म्हणून अस्सलपणाचे भोक्ते नाक मुरडतील. मुरडू द्या. त्या काळ्या तारा जुडग्याच्या आत असतात, बाहेरून कोणाला दिसत नाहीत, आणि रंग खरवडण्याची गरज उरत नाही.

आता सहा व्होल्टचा प्रश्न. जावा, आणि त्या काळच्या बहुतेक गाड्या, सहा व्होल्टच्या. "सहा व्होल्टचा दिवा काय उजेड देणार?" असे म्हणून त्या बारा व्होल्टच्या करून घेण्याची टूम निघाली आहे. ती सरसकट चूक आहे असे मी म्हणणार नाही, पण आधी थोडे गणित करू या. शिक्षक मंडळींनी हे फळ्यावर मांडून दाखवावे. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ओहमचा नियम आहेच. जर्मनीच्या गेऑर्ग ओहमने तो १८२७ साली प्रसिद्ध केला. मुलांना तो पाठ असतो, पण तो कशाशी खातात हे ठाऊक नसते. मोटारसायकलीशी खातात असे सांगावे.

पुढचा दिवा ३५ वॅटचा धरू. बारा व्होल्टच्या गाडीत त्याला सुमारे तीन अँपिअर वीज लागते. सहा व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच उजेडाला सुमारे सहा अँपिअर. आता समजा, वाटेत कुठेतरी एक गंजलेला सांधा आहे आणि त्याचा रोध अगदी थोडा, ओहमचा दहावा भाग आहे. बारा व्होल्टच्या गाडीत तिथे तीन गुणिले ०.१ म्हणजे ०.३ व्होल्ट खर्ची पडतात. बारातून ०.३ गेले, शेकडा अडीच. कोणाच्या लक्षातही येणार नाही. सहा व्होल्टच्या गाडीत त्याच सांध्यावर सहा गुणिले ०.१ म्हणजे ०.६ व्होल्ट जातात. सहातून ०.६ म्हणजे शेकडा दहा. आणि तंतूच्या बल्बाचे असे आहे की दाब शेकडा दहा उतरला तर उजेड शेकडा दहा उतरत नाही, तो जवळजवळ शेकडा तीस उतरतो. असे दोन-तीन सांधे असले की दिव्याची पणती झालीच म्हणून समजा.

म्हणजे दोष सहा व्होल्टचा नाही. सहा व्होल्टची गाडी गलथानपणा खपवून घेत नाही, एवढेच. तार जाड हवी, सांधा स्वच्छ हवा. बॅटरीपासून स्विचपर्यंतची मुख्य तार अडीच चौरस मिलिमीटरची, पुढच्या दिव्याची दीड चौरस मिलिमीटरची, मागच्या छोट्या दिव्याला पाऊण चौरस मिलिमीटर पुरे. तार गाडीचीच घ्यावी, बारीक बारीक केसांची, लवचीक. घराच्या वायरिंगसाठी येते ती जाड केसांची कडक तार गाडीच्या थरथरीने थिंबलपाशी आतल्या आत तुटते आणि वरून साबूत दिसते. हे सगळे करूनही उजेड कमी पडला, तर मग बारा व्होल्टचा विचार खुशाल करावा. माझा अंदाज असा की निम्म्या लोकांना त्याची गरज पडणार नाही.

तारांचे रंग हा एक वेगळाच सापळा आहे. लाल म्हणजे वीज येणारी आणि काळी म्हणजे परतीची, हे आपल्या डोक्यात पक्के बसलेले. पण एकेकाळी इंग्लंडात ल्यूकस कंपनीचे विजेचे सामान बसवलेल्या पुष्कळ मोटारसायकलींत बॅटरीचे धन टोक चेसीला जोडलेले असे आणि त्या गाड्यांत लाल तार ही परतीची तार असे! अशा गाडीत कोणी सवयीने ऋण टोक चेसीला जोडले, तर दिवे लागतील, हॉर्न वाजेल. पण वीज सरळ करणारा रेक्टिफायर मात्र पहिल्याच क्षणी जळून जाईल. तेव्हा बॅटरी बसवण्यापूर्वी गाडीचे धन टोक चेसीला आहे की ऋण, हे तिच्या पुस्तिकेत किंवा वायरिंगच्या नकाशात पाहून खात्री करावी. जुन्या बॅटरीच्या खुणेवर विसंबू नये. मधल्या काळात कोणी काय उलटेपालटे केले ते कोणास माहीत?

रंग उडालेले असतील, आणि साठ वर्षांच्या तारेचे ते उडतातच, तर आकडे पाहावेत. युरोपीय पद्धतीच्या गाड्यांत स्विचच्या टोकांशी बारीक आकडे कोरलेले असतात. पेट्रोलचे बोट लावून पुसले की दिसतात. ३० म्हणजे बॅटरीतून थेट आलेली तार, १५ म्हणजे किल्ली फिरवल्यावर इग्निशनकडे जाणारी, ३१ म्हणजे परतीची, ५६ पुढच्या मोठ्या दिव्याची, ५८ मागच्या लाल दिव्याची. हे आकडे जर्मन प्रमाणपद्धतीचे आहेत. एका कागदावर लिहून ते दुकानात भिंतीला लावले, तर मिस्त्रीचे अर्धे काम हलके होते.

डायनॅमोविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याचे काम जाणत्याकडूनच करून घ्यावे. डायनॅमो फिरला की वीज तयार होते आणि बॅटरी भरते. पण गाडी हळू चालली असता किंवा उभी असता डायनॅमोचा दाब बॅटरीपेक्षा कमी असतो, आणि तेव्हा बॅटरीतली वीज उलट डायनॅमोत जाऊ पाहते. ती अडवण्यासाठी कटआउट नावाचे एक दार असते. दाब वाढला की चुंबकाच्या ओढीने ते मिटते, कमी झाला की स्प्रिंगने उघडते. बरीच वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत त्याची टोके गंजतात किंवा चिकटतात. चिकटली तर किल्ली बंद असूनही रात्रभरात बॅटरी रिकामी होते आणि डायनॅमो तापतो. "रोज सकाळी बॅटरी उतरलेली असते" अशी तक्रार आली की नव्या बॅटरीला पैसे घालण्याआधी कटआउट उघडून पाहावा.

आता ज्या गोष्टीसाठी हा सारा खटाटोप, तिच्याकडे वळतो. सहा व्होल्टचा धक्का माणसाला बसत नाही, म्हणून लोक या विजेला खेळणे समजतात. पण छोट्याशा बॅटरीची दोन टोके थेट जोडली गेली तर क्षणभर शंभराच्या वर अँपिअर वीज वाहू शकते. तेवढ्याने बारीक तार लालबुंद होते, तिच्यावरचे वेष्टण पेट घेते. आणि या तारा कोठून जातात? पेट्रोलच्या टाकीच्या बरोबर खालून. जुन्या तारेवरचे रबर आणि सुती वीण आपल्या उन्हाळ्यात तडकून गेलेली असते, गोठ्यातल्या उंदरांनी जागोजाग कुरतडलेली असते. टाकीच्या खाली चेसीच्या कडेला एखादी उघडी तार घासली आणि कार्ब्युरेटर थोडा गळत असला, की सहा व्होल्ट पुरेसे आहेत.

म्हणून फ्यूज. तो बॅटरीच्या अगदी जवळ, जी तार चेसीला जात नाही तिच्यात बसवायचा. किती अँपिअरचा? बेरीज करा. पुढचा दिवा सहा, मागचा एक, ब्रेकचा तीन, इग्निशन कॉइल तीन. झाले तेरा. हॉर्न क्षणभरच वाजतो. पंधरा अँपिअरचा फ्यूज बसतो. तो उडाला की का उडाला ते शोधायचे. आपल्या गावाकडे एक वाईट खोड आहे, पंपाच्या किटकॅटमधला फ्यूज दोनदा उडाला की तांब्याची जाड तार बांधून मोकळे व्हायचे. तीच युक्ती लोक गाडीतही करतात, नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूज बसवतात. फ्यूज उडतो तेव्हा तो आपले काम करत असतो. त्याला जाड केला की त्याचे काम दुसरी एखादी तार करते, टाकीखालची.

नवी वायरिंग जोडताना सगळी एकदम जोडू नये. आधी फक्त बॅटरी, फ्यूज, स्विच आणि इग्निशन. गाडी चालू झाली, थांबली, पुन्हा चालू झाली, की मग पुढचा दिवा. तो झाला की मागचा, मग ब्रेकचा, हॉर्न सर्वांत शेवटी. प्रत्येक टप्प्याला तपासणी. त्यासाठी महागडे यंत्र नको. सहा व्होल्टचा एक छोटा बल्ब, होल्डर आणि दोन तारांना दोन क्लिपा, एवढ्यावर पुष्कळ दोष सापडतात. एक क्लिप चेसीला, दुसरी संशयित टोकाला. बल्ब लागला तर तिथपर्यंत वीज येते आहे. मल्टीमीटर असेल तर आणखी चांगले. दिवा पेटलेला ठेवून मीटरची एक सुई दिव्याच्या पत्र्याला आणि दुसरी बॅटरीच्या अर्थाच्या टोकाला लावावी. आकडा शून्याजवळ हवा. ०.२ व्होल्टच्या वर गेला तर परतीची वाट अजून खराब आहे, पुन्हा पॉलिशपेपर हाती घ्यावा. ही तपासणी दिवा पेटलेला असतानाच करायची. वीज वाहत नसेल तर गंजलेला सांधाही निर्दोष दिसतो.

सांधे शक्यतो थिंबल दाबूनच करावेत. तारेला तार पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणे हे जत्रेतल्या रोषणाईला ठीक. पूर्णा आणि केळना या दोन नद्यांच्या परिसरातल्या काळ्या मातीचा चिखल एका पावसाळ्यात त्या पट्टीच्या आत पोचतो. जुडगे मुठीखाली हँडल वळते तिथे थोडे सैल सोडावे. हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून पाहावे. तार ताणली जाता कामा नये. नव्या गाड्यांतसुद्धा पहिली तुटणारी तार बहुधा इथलीच असते.

कागदपत्रांचेही सांगितले पाहिजे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे होऊन गेलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या दुचाकीची व्हिंटेज वाहन म्हणून नोंदणी करता येईल, असे नियम केंद्र सरकारने २०२१ साली केले. अशा गाडीच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. पण अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. ज्यांना गाडी बाजारहाटाला वापरायची आहे त्यांनी साध्या नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यावे. कोणता मार्ग धरायचा हे रंग आणि वायरिंगवर पैसे घालण्याआधी ठरवावे, म्हणजे पुढे हळहळ नको.

आणि जुने जुडगे? ते भंगारवाल्याला देऊ नका. तांब्याचे पैसे येऊन येऊन किती येणार? चिठ्ठ्यांसकट ते एका पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. नव्या वायरिंगने एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा काढला, की मग ते शाळेत नेऊन द्या. नववीच्या मुलांना ती वही आणि ते जुडगे समोर ठेवून नकाशा काढायला सांगा. एखादी तार वहीत चुकीची लिहिली गेली असेल, तर ती मुले नक्की शोधून काढतील.